वजिराच्या जागी पेला

ते १९६९ साल होते. त्या वर्षी आमच्याकडे द्राक्षे उशिरा पिकली, आणि त्याच वर्षी एका म्हाताऱ्याने मला स्वतःच्या हाताने पटावर मरू दिले. त्याचे उपकार मी अजून विसरले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी सोंगटी आहे. बुद्धिबळातला पांढऱ्या बाजूचा वजीर. उंचीला तुमच्या करंगळीपेक्षा थोडी जास्त. डोक्यावरच्या मुकुटाचा एक कंगोरा उडालेला आहे, आणि तळाला चिकटवलेले बनातीचे कापड आतापर्यंत तीनदा बदलले आहे. माझा जन्म जॉर्जियात, कुताईसी शहराच्या वरच्या अंगाला, रिओनी नदीकाठच्या एका खेड्यात झाला. मला घडवले सामसोनने. झाडाच्या अख्ख्या बुंध्यातून द्राक्षे तुडवायचे लांबलचक कुंड कोरून काढणे हा त्याचा धंदा. त्याचे पंजे फावड्यासारखे होते, पण त्या पंजांना बारीक कामही येई.

आमच्याकडे मुलीच्या रुखवतात बुद्धिबळाचा पट जातो. भांडीकुंडी, गाद्या-उश्या आणि पट. बहुतेक लोक तो बाजारातून आणतात. सामसोनने मात्र लेक लामारा चार वर्षांची झाली तेव्हाच ठरवले, की दर हिवाळ्यात दोन सोंगट्या कोरायच्या. काळ्या अक्रोडाच्या, आणि पांढऱ्या बझाच्या, म्हणजे डोंगरात सावकाश वाढणाऱ्या एका पिवळसर, हाडासारख्या कठीण लाकडाच्या. सुरुवात प्याद्यांपासून केली. "हात बसेपर्यंत प्यादी वाकडी झाली तरी चालतात, जगातसुद्धा तसंच आहे," असे तो म्हणायचा. जी सोंगटी तयार होई तिची चाल त्या हिवाळ्यात लेकीला शिकवायची, असा त्याचा शिरस्ता. आम्ही दोघे वजीर सोळाव्या हिवाळ्यात झालो, आणि त्यातही मी सर्वांत शेवटी. वजिराची चाल लामारा शेजाऱ्यांच्या पटावर केव्हाच शिकली होती. पण चुलीपाशी बापासमोर बसून तिने ती पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतली, मधूनमधून मुद्दाम चुकतसुद्धा होती.

१९६८ च्या वसंतात तिचे लग्न झाले. निघताना सामसोनने पेटी तिच्या मांडीवर ठेवली. "कपाटात बंद करू नकोस हं. लाकडाला माणसाचा हात लागला नाही की ते रुसतं." एवढेच तो बोलला, आणि बैलांचे जू सारखे करायच्या निमित्ताने अंगणाच्या टोकाला निघून गेला.

लामाराचे सासर नदीपलीकडे होते. नवरा जुंबेर ट्रक चालवायचा, आठवड्यातून चार दिवस बाहेर. सासू पेलागिया हाताने चलाख आणि जिभेने त्याहून चलाख. सासरा बेसारिओन, सगळे त्याला बेसो म्हणत. त्याच्या हातची वाईन तालुक्यात नावाजलेली. पण माणूस अबोल. लामाराला तो नावाने हाक मारत नसे. "सामसोनची मुलगी, पाणी दे." "सामसोनची मुलगी, कुत्र्याला बांध." सहा महिने झाले तरी ती त्याच्या घरात सामसोनचीच मुलगी होती.

आमची पेटी झाकण उघडे ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली गेली. तिथून अंगण दिसे. अंगणात दगडी टेबल होते आणि त्यावर, द्राक्षांची तोडणी संपल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी, बेसो आपला जुना पट मांडत असे. त्या दिवशी गाव जमायचे. लामाराने तो दिवस पहिल्यांदा पाहिला तो १९६८ च्या ऑक्टोबरात, आणि तिच्याबरोबर मीही.

त्या पटावर सोंगट्या थोड्याच होत्या. एका कोपऱ्यात काळा राजा, त्याच्यापुढे त्याचीच दोन प्यादी, त्याच रांगेत लांब त्याचा हत्ती. पांढऱ्याकडे झेप घ्यायच्या बेतात असलेला एक घोडा, आणि पुढच्याच खेळीला मरायला टेकलेला राजा. आणि पांढऱ्या वजिराच्या जागी, मित्रांनो, वाईनने काठोकाठ भरलेला एक छोटा काचेचा पेला होता.

त्या पेल्याची हकीकत पेलागियाने भाकऱ्या थापता थापता लामाराला सांगितली. बेसोला गालाक्तिओन नावाचा धाकटा भाऊ होता. बावीस वर्षांचा, हसरा, बुद्धिबळाचा वेडा. लढाईवर निघाला तेव्हा त्याने या पटावरचा पांढरा वजीर खिशात टाकला. "मी येईपर्यंत हा डाव कुणी खेळू नका," असे म्हणाला. १९४२ च्या वसंतात केर्चच्या आघाडीवरून त्याचे पत्र आले. पत्रात एक कोडे होते. पांढऱ्याची खेळी, चार खेळ्यांत मात. खाली लिहिले होते, "बेसो, तू हातातलं घट्ट धरून ठेवणारा माणूस. तू यात अडकशील. उत्तर मी परत आल्यावर सांगेन." त्यानंतर पत्र आले नाही. सरकारी कागद आला, त्यावर 'बेपत्ता' एवढा एकच शब्द होता.

"कबर नाही, दिवस नाही. मग काय करायचं माणसानं?" पेलागिया म्हणाली. "यांनी त्याच्या जागी पेला ठेवला. तो यायचाय ना, म्हणून भरलेला. खेळताना पेला सरकवायचा, पण थेंब सांडायचा नाही. संध्याकाळी वेलीच्या मुळाशी ओतायचा. सव्वीस वर्षं झाली बघ, सूनबाई."

त्या दिवशी एकामागून एक लोक बसले. पहिली खेळी सगळ्यांनाच सापडे. घोड्याने शह. राजा शेजारच्या घरात सरके. दुसरी खेळीही सापडे. घोडा उडी मारून बाजूला होई, आणि घोडा व पेला दोघांचा एकदम शह बसे. राजा पुन्हा कोपऱ्यात. पण पुढे? पुढे सगळे घोड्याने परत शह देत, राजा परत बाहेर येई, परत आत जाई. असे करत डाव बरोबरीत सुटे. बेसो मान हलवी. "इथवर सगळेच येतात," असे म्हणे, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख असे की समाधान, हे खिडकीतून मला ओळखता येत नसे.

पाहुणे गेल्यावर लामाराने आमची पेटी खिडकीतून खाली घेतली. तोच डाव मांडला. पेल्याच्या घरात तिने मला ठेवले. एक भाकरी भाजून होईपर्यंत ती पटाकडे पाहत राहिली. मग तिने घोडा हलवला, राजा हलवला, घोडा हलवला, राजा कोपऱ्यात घातला. आणि मला उचलून थेट राजाच्या कुशीत नेऊन ठेवले, हत्तीच्या तोंडासमोर. राजाला मला मारता येईना, कारण त्या घरावर घोड्याचा डोळा होता. हत्तीनेच मारायला हवे. हत्तीने मला मारले आणि तो माझ्या जागी येऊन बसला. आता राजाच्या समोर त्याची प्यादी, बाजूला त्याचाच हत्ती. हलायला जागा नाही. घोडा परत फिरला. मात.

तुमच्यापैकी ज्यांना बुद्धिबळ येते ते हसतील. एवढे सोपे? हो, एवढेच सोपे. हा डाव शेकडो वर्षे जुना आहे. सामसोनने ज्या हिवाळ्यात घोडे कोरले त्याच हिवाळ्यात लेकीला तो दाखवला होता.

लामारा आनंदाने उठली. "आई! सुटलं!"

पेलागियाने आधी दार लावले. मग म्हणाली, "हळू बोल."

"पण आई, बाबांना सांगायला हवं. सव्वीस वर्षं..."

"शाळामास्तर पार्नाओझ दर वर्षी येतो, पाहिलास ना? तो तिसऱ्या खेळीला पोचतो, पेल्याकडे बघतो, मग टोपी नीट करतो आणि म्हणतो, 'नाही बुवा सुटत.' तो काय गाढव आहे?"

लामारा पुन्हा खाली बसली.

"गावात चार-पाच जणांना ठाऊक आहे," पेलागिया म्हणाली. "मलाही ठाऊक आहे, पंधरा वर्षं झाली. पण बेसोच्या देखत त्याच्या भावाचा पेला हत्तीच्या तोंडी कोण देईल? आणि सुटलं की संपलं सगळं. उत्तर सांगायला तो यायचाय, म्हणून तो अजून यायचाय. कळलं का सूनबाई तुला? तोंड मिटून ठेव आणि ती भाकरी उलट, करपतेय."

मित्रांनो, या लोकांची ही चूक होती की माया, हे मला अजूनही ठरवता येत नाही. लामाराने मला पेटीत ठेवले ते मात्र नेहमीपेक्षा जास्त सांभाळून.

वर्ष गेले. पुढच्या तोडणीत बेसो द्राक्षांची टोपली पाठीवर घेऊन शिडीवरून उतरत असताना त्याच्या छातीत कळ आली. दोन आठवडे तो खाटेवर होता. उठला तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. पेलागिया म्हणाली, "या वर्षी रविवार राहू दे." तो म्हणाला, "पट पूस."

तो रविवार स्वच्छ उन्हाचा होता. गाव जमले. पेला भरला गेला. पार्नाओझ मास्तर पहिला बसला, तिसऱ्या खेळीला पोचला आणि त्याने टोपी नीट केली. "नाही बुवा, बेसो. तुझा भाऊ फारच हुशार."

लामारा भाकऱ्या आणि अक्रोडाच्या वाटणातली वांगी घेऊन आली, ताटे ठेवली आणि वळली.

"सामसोनची मुलगी," बेसो म्हणाला, "बस इथे."

"बाबा, चुलीवर भाकऱ्या आहेत."

"जळू देत."

"बेसो, तिला कामं आहेत," पेलागिया आतून ओरडली.

"असतील. गेल्या वर्षी ही पटाकडे टक लावून बघत होती. या वर्षी सकाळपासून अंगणातून सात वेळा गेली, सातही वेळा पटाकडून मान फिरवून. कोडं ज्याला छळतं तो मान फिरवत नाही. ज्याला सुटलंय तो फिरवतो." त्याने लामाराकडे पाहिले. "खोटं बोलायचं असेल तर आत जा. नसेल तर बस."

लामारा बसली नाही आणि आतही गेली नाही. ताट पुसायचे फडके हातात पिळत उभी राहिली. तिने एकदा दाराशी आलेल्या पेलागियाकडे पाहिले. पेलागियाने मान हलवली, नको म्हणून.

मग बेसो बोलला. मी त्या घरात आल्यापासून इतके शब्द त्याच्या तोंडून एका वेळी ऐकले नव्हते. "खाटेवर पडून छताकडे बघत होतो. एकच विचार यायचा. मी गेलो, तो तिकडे भेटला आणि त्यानं विचारलं, 'काय दादा, सुटलं का?' तर काय सांगू त्याला? सत्तावीस वर्षांत नाही सुटलं म्हणून?"

तो गालाक्तिओनबद्दल पहिल्यांदाच 'तिकडे' म्हणाला होता. 'येईल' म्हणाला नव्हता.

"बाबा," लामारा म्हणाली, "पेल्यानं नाही दाखवता येणार. सोंगटी लागेल."

"मग आण."

अशी मी खिडकीतून अंगणात आले. बेसोने पेला दोन्ही हातांनी उचलला, थेंबही न सांडता बाजूच्या बाकावर ठेवला आणि बोटाने ते रिकामे घर दाखवले. लामाराने मला तिथे उभे केले. जुन्या, तपकिरी झालेल्या सोंगट्यांमध्ये मी एकटी पिवळी, परक्या घरातल्या नव्या सुनेसारखी.

घोडा. राजा. घोडा. राजा कोपऱ्यात.

"इथवर सगळेच येतात," बेसो म्हणाला.

लामाराचा हात माझ्यावर आला आणि थांबला. "पुढची खेळी मी करणार नाही, बाबा. ती तुमची आहे."

बेसोने पटाकडे पाहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. चुलीवरच्या भाकऱ्या खरोखरच जळल्या आणि त्यांचा वास अंगणात आला, तरी कोणी उठले नाही.

"वजीर?" त्याने विचारले.

"हो."

"तिथे? राजाला चिकटून? हत्तीच्या तोंडात?"

"हो बाबा."

"मग तो जाईल."

"जाईल."

"तरी म्हटलं," बेसो स्वतःशीच पुटपुटला, "मी अडकेन असं का लिहिलं त्यानं."

त्याचा अंगठा द्राक्षांच्या रसाने काळानिळा झालेला होता. त्याच अंगठ्याने आणि दोन बोटांनी त्याने मला धरले. मला ठेवले ते घराच्या बरोबर मधोमध. मग त्यानेच काळा हत्ती उचलला आणि मला मारले. मला पटाबाहेर टाकले नाही, मुठीत घेतले. त्या मुठीच्या अंधारात मी लामाराचा आवाज ऐकला. "घोडा इथे. मात." ती इतक्या हळू म्हणाली की लांबच्या लोकांना ते ऐकूच गेले नसेल.

मित्रांनो, वजीर म्हणजे पटावरचा सर्वांत बलवान मोहरा. मला कोणी मारू नये म्हणून सगळे जपतात. मलाही वाटायचे, आपली किंमत जपले जाण्यात आहे. त्या दिवशी त्या घामेजल्या मुठीत मला कळले की माझ्या बापाने सोळाव्या हिवाळ्यात मला एवढे घासूनपुसून कशासाठी तयार केले होते. योग्य वेळी, योग्य घरात, देऊन टाकता यावे म्हणून.

बेसोने मान वर केली आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिले. चार-पाच चेहऱ्यांवर नवल नव्हते. आणि तेव्हा त्याला कळले.

"पार्नाओझ! तुला ठाऊक होतं?"

मास्तरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "होतं."

"किती वर्षं?"

"पहिल्या वर्षापासून."

"म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला मूर्ख बनवलंत?"

"तुझी वाईन चांगली आहे, बेसो," मास्तर म्हणाला. "कोडं सुटलं असतं तर पुढच्या वर्षी कशाला बोलावलं असतंस?"

क्षणभर वाटले की बेसो त्याच्या अंगावर धावून जाणार. पण त्याच्या पोटातून एक विचित्र आवाज आला, आणि ते हसू होते. तो हसला, मास्तर हसला, मग सगळे अंगण हसले. हसता हसता बेसोच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि ते त्याने पुसले नाही.

मग तो उठला. बाकावरचा पेला घेतला, ताटातला भाकरीचा एक तुकडा हातात धरला आणि पेल्यातली थोडी वाईन त्या तुकड्यावर ओतली. आमच्याकडे हे फक्त मेलेल्या माणसासाठी करतात. पेलागिया दारातून पाहत होती, तिने डोक्याच्या रुमालाने तोंड झाकले. गालाक्तिओनच्या नावाने आजवर त्या घरात प्रवासाला गेलेल्या माणसासाठी पितात तसेच सगळे पीत आले होते.

"माझा भाऊ गालाक्तिओन," बेसो म्हणाला. "देव त्याला सुखात ठेवो. डाव त्याचा होता, जिंकलाही तोच." आणि उरलेला पेला त्याने एका दमात रिकामा केला.

सगळे उठून उभे राहिले, सगळ्यांनी आपापल्या भाकरीवर वाईन ओतली. लामारा मागे भिंतीशी उभी होती. बेसोने मूठ उघडली, मला तिच्या तळहातावर ठेवले आणि बाकावर आपल्या शेजारची जागा थोपटली.

"ये, बाबा," तो तिला म्हणाला. "बस माझ्याजवळ."

आमच्याकडे बाप लेकराला लाडाने 'बाबा' म्हणूनच हाक मारतो. त्यानंतर त्या घरात तिला कोणी सामसोनची मुलगी म्हटले नाही.

आता त्या माणसांचे पुढे काय झाले ते सांगते. बेसो आणखी सात वर्षे जगला. गावच्या दफनभूमीत त्याने भावाच्या नावाचा दगड उभा केला, आणि पुढे त्याच्याच शेजारी निजला. पार्नाओझ मास्तर मात्र मरेपर्यंत दर तोडणीनंतर येतच राहिला. कोडे नव्हते तरी वाईन होती. तो पेला बेसो रोज जेवताना वापरू लागला. एका हिवाळ्यात विसळताना तो पेलागियाच्या हातून फुटला. तिने तुकडे गोळा केले, एवढेच. पेलागिया नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटपर्यंत म्हणत राहिली, की त्या दिवशी सतरा भाकऱ्या फुकट गेल्या. सामसोनने हे सगळे ऐकले तेव्हा त्याने एवढेच विचारले, "तळाचं कापड निघालं नाही ना?"

१९९२ च्या हिवाळ्यात, देशात गोळीबार चालू होता, वीज नव्हती, जळण नव्हते, तेव्हा जुंबेरने आमच्या पेटीकडे पाहिले. "कोरडं लाकूड आहे," तो म्हणाला. लामाराने आपल्या रुखवतातली खुर्ची उचलून आणली आणि चुलीत घातली. त्या रात्री मला ऊब लागली ती त्या खुर्चीची. तिचेही आभार. जुंबेर त्यानंतर बारा वर्षांनी गेला, झोपेतच.

मग काही वर्षे आम्ही पलंगाखाली होतो. पेटीत ओल शिरली, एका उंटाला भेग गेली, माझ्या मुकुटाचा कंगोरा उडाला तो तेव्हाच. मी तक्रार करत नाही. पण मित्रांनो, अंधारात पडून राहणे हे मारले जाण्यापेक्षा वाईट असते, एवढे तुम्हाला सांगून ठेवते.

लामारा आता म्हातारी झाली आहे. गुडघे दुखू लागल्यावर तिने बाहेरची कामे सोडली आणि पलंगाखालून पेटी ओढून काढली. आम्हाला उन्हात ठेवले, अक्रोडाचे तेल लावले, तळाला नवे कापड चिकटवले. आता दर शनिवारी गावातली मुले तिच्याकडे शिकायला येतात. नवे मूल आले की ती तोच डाव मांडते आणि उत्तर सांगत नाही. मुले पहिल्या दोन खेळ्या करतात, मग मला कुठेतरी सुरक्षित लपवतात. गेल्या महिन्यात नात्का नावाची नऊ वर्षांची मुलगी आली होती. तिने मला चाळीस मिनिटे मुठीत धरले. "आजी, हिला मारू द्यायचं नाहीये मला," असे म्हणून रडवेली झाली. लामारा स्वेटर विणत बसली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना पट असेल तर तो शोभेसाठी काचेमागे ठेवू नका. त्याला ऊन दाखवा, तेल लावा, हरवलेल्या सोंगटीच्या जागी नवी करून घ्या आणि खेळा. आम्हाला जपायचे ते खेळण्यासाठी. आणि पटावर अशी वेळ आली की तुमच्याजवळची सर्वांत मोलाची सोंगटीच द्यावी लागेल, तर घाबरू नका. आम्हाला राग येत नाही.

चाळिसाव्या मिनिटाला नात्काने डोळे घट्ट मिटले, मला त्या घरात ठेवले आणि बोटे उचलली. हत्तीने मला मारले. तिने डोळे उघडले, पटाकडे पाहिले, आणि घोडा उचलण्याआधीच तिला हसू फुटले.